संगीताची पार्श्वभूमी : निरंक

भौतिकशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेतलेल्या मुलीला पहिल्या दिवशी कोणी विचारत नाही, की तुझ्या आजोबांनी कधी प्रयोगशाळा पाहिली होती का. वाणिज्य शाखेत कोणी विचारत नाही, घरात कोणी हिशेब लिहिणारं होतं का. संगीताच्या वर्गात मात्र पहिल्याच दिवशी, हसतमुखाने, सगळ्यांदेखत विचारतात : घरात कोणी गाणारं-वाजवणारं आहे का? आधीचे गुरू कोण? विचारणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनाही वाटत नाही. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न जातीचा आहे. तो संगीताच्या भाषेत विचारला जातो, म्हणून पटकन ओळखू येत नाही.

मी समाजशास्त्रात एम.ए. करून सध्या म्हैसूरला पीएच.डी. करते आहे. घर सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, जिथे कानडी आणि मराठी एकाच चुलीवर शिजतात. आम्ही मातंग. संशोधनाचं काम चालू असतानाच इथल्या एका खासगी संगीत महाविद्यालयात संध्याकाळच्या डिप्लोमाला, हिंदुस्थानी कंठसंगीताला, नाव घातलं. महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका इमारतीचा नाही. तिथे जे घडलं ते पुण्यात, धारवाडला, चेन्नईत कुठेही घडू शकतं, आणि त्यात कोणीही कोणाला शिवी दिली नाही. हेच या प्रकरणातलं अवघड कलम आहे.

ओरिएंटेशन दीड दिवसाचं होतं. आधी सरस्वतीची पूजा, दीपप्रज्वलन, वाद्यांना हळद-कुंकू. मग एका ज्येष्ठ वक्त्यांचं भाषण : संगीताचा उगम सामवेदात, तिथून भरतमुनी, तिथून शार्ङ्गदेव, मग पुरंदरदास, त्यागराज, आणि मग थेट आपण. मग नव्या विद्यार्थ्यांनी एकेक करून उभं राहायचं आणि स्वतःची ओळख करून द्यायची. माझ्या आधीच्या मुलीची आजी वीणा शिकलेली. तिच्या आधीच्या मुलाचे काका आकाशवाणीवर गाणारे. एकाच्या घरी तीन पिढ्यांची भजन मंडळी. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, आजोबा हलगी वाजवायचे. हलगी शब्द काहींना कळला नाही, म्हणून म्हटलं, तुमच्याकडे तमटे म्हणतात ते. वक्ते प्रसन्नपणे हसले. म्हणाले, 'छान, ते जानपद. पण संगीताची काही पार्श्वभूमी?' समोर बसलेल्या मदतनिसाने माझ्या अर्जावरच्या रकान्यात लिहिलं, 'इल्ल'. कानडीत इल्ल म्हणजे नाही. आपल्या मराठी कचेरीत त्याला निरंक म्हणतात.

माझ्यानंतर चामराजनगरकडचा एक मुलगा उभा राहिला. त्याने स्वतःच सांगून टाकलं, पार्श्वभूमी काही नाही. दुपारी कॅन्टीनमध्ये बोलताना कळलं, की त्याचे वडील नीलगार आहेत. मंटेस्वामीचं महाकाव्य तंबुरी घेऊन रात्र-रात्रभर तोंडपाठ गाणाऱ्या परंपरेतले गायक. हजारो ओळी पाठ असलेल्या बापाचा मुलगा संगीताच्या महाविद्यालयात उभा राहून म्हणतो, की घरात संगीत नाही. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. माझं उत्तर कुठे जाऊन पडलं ते त्याने पाहिलं होतं, तेवढं पुरलं.

आता या 'इल्ल'कडे नीट पाहू.

माझे आजोबा जतच्या यल्लम्माच्या जत्रेत, गावच्या लग्नांत, मयतीत, बैलपोळ्याला वाजवायचे. ते वाजवणं बलुत्याचं होतं. वाजवायला नाही म्हणण्याची सोय नव्हती. पाटलाच्या वरातीपुढे तास न् तास हलगी कडकडायची आणि पंगत बसली की वाजवणाऱ्यांनी लांब, गोठ्याच्या कडेला थांबायचं. चामडं ताणायचं, आगटीवर शेकायचं, ताल धरायचा आणि शेवटी उरलेलं अन्न पदरात घ्यायचं, असा तो सगळा मामला. माझ्या वडिलांनी हलगीला हात लावला नाही. एसटीत कंडक्टर झाले आणि पहिल्या पगारात आजोबांना धोतरजोडी घेऊन म्हणाले, आता बास. बाबासाहेबांच्या चळवळीने गावकीची कामं सोडा असं सांगितलं, त्याचा अर्थ आमच्या घराने असा घेतला. ते बरोबरच होतं.

म्हणजे हिशेब असा मांडावा लागतो. गावाने आमच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या वाजवून घेतलं, कारण आमची जात वाजवणाऱ्यांची. आणि आज संगीताच्या दारात विचारलं जातं तेव्हा तेच वाजवणं मोजलं जात नाही, कारण आमची जात वाजवणाऱ्यांची. राबताना ते वाद्य होतं, नोंद करताना ते वाद्य राहिलं नाही.

इथे काही सहृदय लोक म्हणतील, मग आपण लोककलेचा सन्मान करू, हलगीचं एक सादरीकरण ठेवू. ठेवा. कर्नाटकात पिंडिपापनहळ्ळीच्या मुनिवेंकटप्पांना तमटे वादनासाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण मी त्या महाविद्यालयात हलगीचा सन्मान मागायला गेले नव्हते. मी यमन शिकायला गेले होते. दलित विद्यार्थी दिसला की त्याला त्याच्या 'मातीतल्या' कलेकडे वळवायचं, आणि राग, बंदिश, शास्त्र दुसऱ्यांसाठी राखून ठेवायचं, ही वाटणी आम्हाला ओळखीची आहे. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये सामाजिक शास्त्रांबद्दल हेच दाखवून दिलं होतं : सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि अनुभव पुरवणारे शूद्र. संगीतात त्याचं नाव 'शास्त्रीय' आणि 'लोक' असं आहे. एकाला विचार आहे, दुसऱ्याला फक्त ऊर्जा. एकाला घराणं आहे, दुसऱ्याला समाज. एकाच्या आजोबांचं नाव असतं, दुसऱ्याच्या आजोबांची जात असते.

आणि गंमत अशी की ज्याला शास्त्रीय म्हणून सामवेदापासून सरळ रेषेत आणलं जातं, ती रेषा खुद्द म्हैसूरमध्येच टिकत नाही. या शहराच्या चार रस्त्यांवरून फिरलं तरी ती तुटते.

म्हैसूरपासून जेमतेम २५ किलोमीटरवर नंजनगूड आहे. तिथे १८७८ मध्ये, देवदासी असलेल्या आईच्या पोटी, नागरत्नम्मा जन्मली. पुढे ती बंगळूर नागरत्नम्मा म्हणून गाजली. म्हैसूर दरबारात गायली. तंजावरच्या मुद्दुपळनी या गणिकेने अठराव्या शतकात लिहिलेलं तेलुगू काव्य तिने १९१० मध्ये संपूर्ण छापून आणलं. अश्लील म्हणून इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली, ती उठायला १९४७ उजाडलं. तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी मोडकळीला आली होती, ती नागरत्नम्माने स्वतःच्या कमाईतून बांधली. आणि त्याच समाधीपुढच्या वार्षिक आराधनेत बायकांना गायची परवानगी नव्हती. तिने बायकांची वेगळी आराधना भरवली आणि अखेर १९४० च्या सुमारास ती दारं उघडली. ज्या त्यागराजांचं नाव आमच्या ओरिएंटेशनमध्ये हात जोडून घेतलं गेलं, त्यांच्या समाधीवर छप्पर घालणाऱ्या बाईचं नाव घेतलं गेलं नाही. ती इथून पंचवीस किलोमीटरवरची होती तरीही.

त्याच काळात, १९०९ मध्ये, म्हैसूर संस्थानाने देवळांतली देवदासींची सेवा बंद केली. ती प्रथा बंद व्हायलाच हवी होती. सौंदत्तीच्या डोंगरावर कोणत्या जातींच्या मुली सोडल्या गेल्या हे आम्हाला पुस्तकातून वाचावं लागत नाही, त्यामुळे देवदासी प्रथेचे गोडवे गाणाऱ्यांशी माझं काही देणंघेणं नाही. पण शोषण संपवणं वेगळं आणि त्या बायकांच्या हातून कला काढून घेऊन ती 'शुद्ध' करून दुसऱ्या घरांतल्या मुलींच्या हाती देणं वेगळं. पहिलं काम अर्धवट राहिलं, म्हणून तर कर्नाटकाला १९८२ मध्ये पुन्हा देवदासी प्रतिबंधक कायदा करावा लागला. दुसरं काम मात्र चोख झालं. बाई गेली, तिचं पदम राहिलं. आता ते पदम 'संस्कार' म्हणून शिकवलं जातं.

पुढचा रस्ता. कलकत्त्याची गौहर जान, भारतात ग्रामोफोनच्या पहिल्या ध्वनिमुद्रणांत १९०२ मध्ये जिचा आवाज उमटला ती तवायफ, १९२८ मध्ये म्हैसूर दरबारची गायिका झाली आणि १७ जानेवारी १९३० रोजी याच शहरात वारली. त्याच्याही आधी आग्रा घराण्याचे नत्थन खाँ म्हैसूर दरबारी होते आणि १९०१ मध्ये इथेच वारले. मराठी वाचकांना हे नाव परकं वाटायचं कारण नाही. भास्करबुवा बखले यांना ज्यांनी शिकवलं ते हेच. भास्करबुवांकडून ती विद्या बालगंधर्वांपर्यंत, मास्टर कृष्णरावांपर्यंत आली, आणि तिथून महाराष्ट्राच्या घराघरांत नाट्यगीत होऊन पोचली. सामवेदाच्या सरळ रेषेत मुसलमान उस्तादाला कुठे बसवणार? न बसवता पुढे जाणं सोपं, म्हणून तसं करतात.

आणि गंगूबाई हनगल. म्हैसूरमध्ये त्यांच्या नावाने कर्नाटक सरकारचं संगीत आणि प्रयोगकलांचं अख्खं विद्यापीठ आहे. मी शिकायला गेले ती संस्था ही नव्हे, हे स्पष्ट करते. पण ज्या शहरात त्यांचं नाव विद्यापीठाला दिलं आहे, त्या शहरात संगीत शिकायला आलेल्या पोरीला पहिल्या दिवशी त्यांची गोष्ट ऐकू येऊ नये, याला काय म्हणायचं? गंगूबाई १९१३ मध्ये धारवाडला जन्मल्या. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या. शुक्रवारपेठेत शेजार ब्राह्मणांचा. लहानपणी एका शेजाऱ्याच्या बागेत आंबे काढायला शिरल्या, तेव्हा गाणारणीची पोर आपल्या आवारात आली म्हणून केवढा गहजब झाला, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितलं आहे. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये, गांधीजी अध्यक्ष असताना, स्वागतगीत गायला ही अकरा वर्षांची मुलगी उभी होती, आणि जेवणाच्या वेळी जातीवरून आपली काय गत होईल ही धास्ती तिच्या पोटात होती. तेही त्यांनीच सांगितलं. हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जाताना रस्त्यात लोक 'गाणारीण' म्हणून हिणवायचे.

पुढे पद्मविभूषण मिळालं, त्याच वस्तीतल्या लोकांनी मानाने जेवायला बोलावलं. पण गंगूबाई विसरल्या नाहीत. मुसलमान पुरुष गायक उस्ताद होतो, हिंदू पुरुष पंडित होतो, आणि केसरबाई, मोगूबाई मात्र बाईच राहतात, ही बोच त्यांनी उघड बोलून दाखवली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, दोघीही गोव्याच्या कलावंत समाजातल्या. केसरबाईंचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाला. पृथ्वीच्या वतीने परग्रहवासीयांना ऐकवायला ज्या बाईचा आवाज निवडला, तिच्या समाजाचं नाव आपल्याकडच्या संगीताच्या वर्गात घेताना अजूनही आवाज खाली जातो.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच : 'संगीताची पार्श्वभूमी' हा रकाना प्रामाणिकपणे भरायचा ठरवला, तर हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताची खरी पार्श्वभूमी म्हणजे देवदासी, कलावंतिणी, तवायफ, मिरासी, उस्ताद, नागस्वरम वाजवणारे आणि चामडं कमावणारे. दिवाणखान्यात वीणा ठेवणारी घरं फार उशिरा आली. मागून आलेले आज दारात उभे राहून आधीच्यांच्या लेकरांना विचारतात, तुमच्या घरात कोणी होतं का?

मराठी माणसाने इथे कर्नाटकाकडे बोट दाखवून मोकळं व्हायचं कारण नाही. संगीताची शाळा ही आधुनिक संस्था घडवण्यात आपल्याच दोन माणसांचा मोठा वाटा आहे. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घरोघर, दरबारोदरबारी फिरून उस्तादांकडच्या चिजा जमवल्या, स्वरलिपीत छापल्या, १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. दोघांमुळे संगीत दरबारातून वर्गात आलं, वेळापत्रक आलं, परीक्षा आली. हे मोठं काम आहे आणि तत्त्वतः ते आमच्या फायद्याचं आहे. खाजगी कृपेपेक्षा जाहीर वर्ग केव्हाही बरा. पण त्या वर्गात बसायला कोण आलं? जानकी बखले यांनी 'टू मेन अँड म्युझिक' या पुस्तकात हे तपशीलवार दाखवलं आहे, की या आधुनिकतेबरोबर प्रार्थना, भक्ती, शुचिता असा हिंदू मध्यमवर्गीय साज चढला, आणि ज्यांच्याकडून चिजा घेतल्या ते उस्ताद अडाणी, हेकट म्हणून बाजूला झाले. 'घरंदाज' मुलींना गाणं शिकता यावं म्हणून गाणं 'घरंदाज' करण्यात आलं. आमच्या ओरिएंटेशनमधलं दीपप्रज्वलन त्या काळापासून विझलेलं नाही.

आता वाद्यांच्या पूजेबद्दल. त्या सकाळी मंचावर तबला होता, मृदंग होता, तानपुरे होते. फुलं वाहिली, अक्षता टाकल्या. मृदंगाला गाईचं, म्हशीचं, शेळीचं कातडं लागतं. ते कातडं सोलतं कोण, निवडतं कोण, ताणून सुरात आणतं कोण? टी. एम. कृष्णा यांनी 'सेबॅस्टियन अँड सन्स' या पुस्तकात मृदंग बनवणाऱ्या कारागिरांचा, त्यातल्या बहुसंख्य दलित ख्रिश्चनांचा इतिहास लिहिला. २०२० मध्ये चेन्नईच्या कलाक्षेत्र फाउंडेशनने त्याच्या प्रकाशनासाठी दिलेलं सभागृह ऐनवेळी काढून घेतलं. मृदंग चालतो, मृदंगाचं चामडं कुठून येतं हे बोललेलं चालत नाही. पालघाट मणी अय्यर हे नाव संगीताच्या विद्यार्थ्याला माहीत असतं, त्यांचे मृदंग घडवणारे परलांदू माहीत नसतात. तानपुऱ्याचं तेच. आमच्या शेजारच्या मिरजेतून देशभर तानपुरे जातात. ते घडवणारे शिकलगार, मूळचे हत्यारांना धार लावणारे मुसलमान कारागीर. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण वर्गात सूर लावून देणारं यंत्र कोणत्या कंपनीचं घ्यावं हे सांगतात, तानपुरा कोणाच्या हातचा आहे हे सांगत नाहीत. आमच्या आजोबांनी कातडं शेकून सूर चढवला तर ते 'जानपद', आणि मृदंगाच्या कातड्यावर शाई चढवून सूर बसवला तर ते 'शास्त्र'. कातडं तेच आहे, कान तोच आहे.

या लेखाला येणारी उत्तरं मला पाठ आहेत.

पहिलं : सुराला जात नसते. कबूल. सूर जात विचारत नाही, अर्ज विचारतो. सुराला जात नसल्याचा पुरावा द्यायचा असेल तर तो अर्जात, प्रवेशात, शिक्षकांच्या यादीत आणि रंगमंचावर द्या. सुराने बिचाऱ्याने कधी प्रवेशाची यादी लावलेली नाही.

दुसरं : पार्श्वभूमी विचारण्यामागे शिकवण्याची सोय असते, मुलाची तयारी किती ते कळतं. मग तयारी विचारा. किती वर्षं शिकलात, काय येतं, काय ऐकता, हे विद्यार्थ्याबद्दलचे प्रश्न आहेत. आजी काय वाजवायची हा आजीबद्दलचा प्रश्न आहे. बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो ते घरात फुकट मिळालेलं असतं आणि शाळेत त्यालाच उपजत गुण समजलं जातं. ज्या मुलीने वयाच्या चौथ्या वर्षापासून घरात तंबोरा ऐकला तिचा सूर पहिल्या दिवशी लागतो. शिक्षक म्हणतात, रक्तातच आहे. रक्तात काही नसतं. ते दिवाणखान्यात असतं. दिवाणखाना कोणाला होता आणि कोणाला नव्हता, याचाच तर इतिहास आपण सांगतो आहोत.

तिसरं : गंगूबाई, चौडय्या, केसरबाई पोचल्याच ना? पोचल्या. ज्यांना आंब्याच्या झाडाखाली उभं राहू दिलं नाही त्या पोचल्या, हा त्यांचा पराक्रम. झाडाच्या मालकाने त्याचं श्रेय घेऊ नये.

चौथं, आणि हे सगळ्यात सौम्य आवाजात येतं : इतका कडवटपणा कशाला, कलेत विनम्रता लागते. विनम्रतेला माझी हरकत नाही. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये या प्रवेशोत्सवाला 'दीक्षारंभ' असं नाव दिलं आहे, तेव्हा विचारावंसं वाटतं, कसली दीक्षा? गुरूच्या पायाशी बसायची, मागच्या रांगेत गप्प राहायची, मिळेल तेवढी विद्या कृपा म्हणून घ्यायची? पगारी शिक्षक आणि फी भरणारा विद्यार्थी यांच्यात कृपा कुठून आली? तिथे हक्क आणि कर्तव्य असतं. दीक्षा हा शब्द आम्हालाही माहीत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंनी ती घेतली. त्या दीक्षेत कोणी कोणाला आजोबांचं नाव विचारलं नव्हतं.

म्हैसूरला आणि कोल्हापूरला जोडणारा एक धागा आहे, तो इथे सांगायला हवा. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या जातींसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या. म्हैसूरच्या नाल्वडी कृष्णराज वडियारांनी १९१८ मध्ये मिलर समिती नेमली आणि सरकारी नोकऱ्यांतली ब्राह्मणांची मक्तेदारी मोडायला सुरुवात केली. देशात आरक्षणाची वाट पाडणारे हे दोन राजे, आणि दोघेही संगीताचे मोठे आश्रयदाते. शाहूंच्या दरबारात अल्लादिया खाँ होते, ज्यांच्याकडे केसरबाई आणि मोगूबाई शिकल्या. कृष्णराजांच्या दरबारात गौहर जानला शेवटचा आसरा मिळाला. एकाच राजवाड्यात आरक्षणाचा हुकूमही लिहिला गेला आणि मैफलही झाली. पण आरक्षण कचेरीत गेलं, मैफलीत कधी गेलं नाही. शंभर वर्षं झाली. कचेरीत आमचा माणूस दिसतो, मंचावर अजून मोजावा लागतो.

म्हणून मागण्या सरळ आहेत आणि एकाही मागणीला मोठा निधी लागत नाही.

प्रवेश अर्जातून आणि ओळखीच्या तासातून कौटुंबिक पार्श्वभूमीचा प्रश्न काढून टाका. विद्यार्थ्याला काय शिकायचं आहे ते विचारा.

पहिल्या दिवशी संगीताचा इतिहास सांगायचाच असेल तर माणसांचा सांगा. नागरत्नम्मा, अंबाबाई आणि गंगूबाई, गौहर जान, नत्थन खाँ, मंटेस्वामीचे नीलगार. महाराष्ट्रात असाल तर कलावंत समाजातल्या बायका, तमाशातली पवळा, आंबेडकरी जलसे आणि वामनदादा कर्डक. नावाबरोबर त्यांच्या वाट्याला काय आलं तेही सांगा. पुरस्कारांची यादी पुरत नाही.

वाद्यांची पूजा करायची तर वाद्य घडवणाऱ्याला मंचावर बोलवा आणि व्याख्यात्याला देता तेवढंच मानधन द्या. तो कातड्याबद्दल, भोपळ्याबद्दल, शाईबद्दल तासभर बोलेल, आणि तो ध्वनिशास्त्राचा तास असेल.

रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र आमच्याकडून त्याच दिवशी भरून घेतलं, ते योग्यच. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समतेविषयीचे नियम केले, त्यात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद आहे. दीड दिवसात त्यांचा एकदाही उल्लेख झाला नाही. रोहित वेमुला २०१६ मध्ये आणि पायल तडवी २०१९ मध्ये गेल्यानंतरही जातीची तक्रार कोणाकडे करायची हे विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगितलं जात नसेल, तर ते विसरणं समजू नये.

आणि शेवटची मागणी आपल्याच पोरांकडे. नीलगाराच्या मुलाने, हलगीवाल्याच्या नातीने, जोगतिणीच्या लेकीने त्या रकान्यात 'नाही' असं लिहू नये. आजोबांचं वाजवणं गौरवायची सक्ती नाही. ते ज्या अपमानात वाजवलं गेलं तो अपमानही सोबत लिहा. आम्हाला गौरव नको, नोंद हवी. आजोबांचं नाव, वाद्याचं नाव, गावाचं नाव आणि वाजवून झाल्यावर त्यांना कुठे बसवलं जायचं ते ठिकाण. रकाना लहान पडला तर मागच्या पानावर लिहा. आणि मग यमन मागा, तोडी मागा, भैरवी मागा, सगळं मागा. ते कोणाच्या दिवाणखान्याची मालमत्ता नाही. आपल्याच माणसांनी घडवलेलं आहे आणि आपल्यालाच परक्यासारखं विचारून परत घ्यावं लागतं आहे, इतकंच.

जय भीम.